अडकलेला प्लग जोराने नव्हे, धीराने काढा



मोसंबीचा तोडा झालेला असतो. क्रेट भरून छोट्या टेम्पोत चढवलेले असतात. पहाटे निघून जालन्याचा मोंढा गाठायचा, माल लवकर उतरवायचा, म्हणजे भाव बरा मिळेल, असा घरातल्या सगळ्यांचा हिशेब. आणि नेमकी त्याच दिवशी गाडी मिसिंग मारू लागते. धक्के खाते, चढाला दम टाकते, सायलेन्सरमधून फटफट करते. शेजारचा जाणता माणूस सांगतो, "दादा, प्लग बघून घ्या." पाना लावावा, तर प्लग जागचा हलत नाही. मग पान्याला पाइप जोडला जातो, एकाच्या जागी दोघे जोर लावतात आणि 'कट्' असा आवाज होतो. प्लगचे डोके पान्यात राहते आणि खालचा भाग इंजिनात.

प्लग असतो शे-दोनशे रुपयांचा. पण तो तुटून आत राहिला किंवा हेडचे आटे घेऊन बाहेर आला, तर हेड उतरवावे लागते. गाडी काही दिवस गॅरेजला उभी राहते. बँकेचा हप्ता थांबत नाही आणि तोडलेली मोसंबीही थांबत नाही. म्हणून हे काम सावकाश समजून घेऊ. ते अवघड नाही, पण त्याला घाई मानवत नाही.

प्लग कोणत्या गाडीत असतो?

पुष्कळांचा इथेच घोटाळा होतो. आपला ट्रॅक्टर आणि मोठा मालट्रक डिझेलवर चालतो. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती आपोआप तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. तिथे ठिणगीची गरज नाही, म्हणून स्पार्क प्लगही नाही. तिथे असतात ते इंजेक्टर म्हणजे नोझल, आणि काही इंजिनांत थंडीत मदत करणारे हीटर प्लग.

ठिणगीचा प्लग असतो तो पेट्रोल आणि सी.एन.जी.च्या इंजिनात. एके काळी आपल्याकडच्या ट्रकनाही प्लग असत, कारण ते पेट्रोलवर चालत. १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक बनू लागले आणि पुढे मालवाहतुकीत डिझेलचेच राज्य झाले. आता छोट्या मालगाड्यांच्या रूपाने प्लग पुन्हा शेतकऱ्याच्या दारात आला आहे. ज्याला आपण 'छोटा हत्ती' म्हणतो तो टाटा एस २००५ साली आला तेव्हा डिझेलवर होता. पुढे तो पेट्रोल आणि सी.एन.जी.वरही मिळू लागला. याशिवाय घरातली मोटारसायकल आणि कपाशीवर फवारणी करणारा पेट्रोलचा पंप, यांनाही प्लग आहेच. तेव्हा अंबडपासून जाफराबादपर्यंत आणि मंठ्यापासून भोकरदनपर्यंत असे घर विरळा, जिथे एकही प्लग नाही.

जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'मायको प्लग' हा शब्द आहे. बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी म्हणजे 'मायको'. ती १९५१ साली स्थापन झाली आणि तिचे प्लग देशभर पोहोचले. पुढे नाशिकलाही तिचा कारखाना झाला. तिथला मायको सर्कल चौक आजही त्याच नावाने ओळखला जातो. २००८ साली कंपनीचे नाव 'बॉश लिमिटेड' झाले. याच बॉशच्या जर्मनीतल्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड नावाच्या इंजिनिअरने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला होता.

एवढ्याशा प्लगचे काम मात्र मोठे आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात एक प्लग मिनिटाला १५०० वेळा ठिणगी टाकतो. प्रत्येक ठिणगीला हजारो व्होल्टचा दाब लागतो. आत जळणाऱ्या वायूचे तापमान २००० अंशांच्या वर जाते आणि प्लगचे टोक ५०० ते ८०० अंशांपर्यंत तापते. इतक्या आगीत वर्षानुवर्षे बसलेली वस्तू जागेला चिकटून बसली, तर नवल नाही.

प्लग अडकतो कशामुळे?

पहिले कारण म्हणजे दोन धातू. प्लगचे अंग लोखंडी असते आणि हल्लीच्या इंजिनांचे हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते आणि गार झाल्यावर तितकेच आकसते. बैलगाडीच्या चाकाला धाव कशी चढवतात ते आठवा. लोहार धाव तापवतो, ती मोठी होते, चाकावर सहज बसते आणि पाणी मारल्यावर आकसून चाकाला अशी आवळते की पुढे दगडधोंड्यांतही निघत नाही. गरम इंजिनात कोणी प्लग आवळला, तर नेमके हेच होते. हेड गार होते, भोक आकसते आणि प्लग जखडला जातो.

दुसरे कारण पाणी. प्लग पुष्कळदा हेडमधल्या खोल विहिरीसारख्या खळग्यात बसलेला असतो. गाडी धुताना पाइपचे पाणी तिथे जाते, पावसाचे पाणी झिरपते, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते. मग लोखंडी अंगावर गंज चढतो आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. दोघांचा मिळून सिमेंटसारखा थर होतो.

तिसरे कारण काजळी. इंजिन नीट जळण जाळत नसेल, तर प्लगच्या खालच्या आट्यांवर काजळी कडक होऊन बसते. लांबीने चुकीचा, म्हणजे जास्त लांब प्लग बसवला असेल, तर त्याचे खालचे आटे आत उघडे राहतात आणि त्यांवर काजळी आणखी धरते. असा प्लग थोडा फिरतो आणि मग अडतो.

चौथे कारण माणूस. 'घट्ट असलेले बरे' म्हणून अंगातला सगळा जोर लावून आवळणे, किंवा वर्षानुवर्षे प्लगला हातच न लावणे.

अमेरिकेतला एक धडा

अमेरिकेत पेट्रोलवर चालणारे हलके ट्रक फार. तिथल्या फोर्ड एफ-१५० या ट्रकला २००४ ते २००८ या काळात ५.४ लिटरचे आठ सिलिंडरचे एक इंजिन येत असे. त्याच्या प्लगचा खालचा भाग लांब नळीसारखा होता आणि तो वरच्या भागाला जोडलेला होता. ही नळी काजळीने हेडमध्ये चिकटे. मेकॅनिक प्लग फिरवी तेव्हा वरचा भाग हातात येई आणि नळी आतच राही. हा प्रकार इतका वाढला की कंपनीला गॅरेजवाल्यांसाठी खास सूचनापत्रक काढावे लागले.

त्या पत्रकात जादूचे हत्यार कोणतेच नव्हते. सांगितले होते ते असे: इंजिन पुरते गार होऊ द्या. प्लग फक्त फेऱ्याचा आठवा ते चौथा हिस्सा सैल करा. खळग्यात काजळी विरघळवणारे द्रव थोडेसे टाका आणि निदान १५ मिनिटे थांबा. मग प्लग पुढेमागे, पुढेमागे करीत हळूहळू बाहेर आणा. हवेच्या दाबावर चालणारा पाना मुळीच वापरू नका. म्हणजे सगळी साधने हाताशी असलेल्या देशातही उपाय निघाला तो धीर धरण्याचाच.

आधी तयारी

माल भरलेल्या गाडीचा अडकलेला प्लग काढायला बसू नये, हा पहिला नियम. त्या दिवशी शेजाऱ्याची गाडी भाड्याने घ्यावी, माल मोंढ्यावर पोचवावा आणि प्लगचे काम मोकळ्या दिवशी करावे. भाड्याचे पैसे हेडच्या दुरुस्तीपेक्षा नक्कीच कमी. मात्र गाडी मिसिंग मारत असताना तशीच दूरवर पळवू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथला धूर शुद्ध करणारा महागडा भाग खराब करते.

काम सावलीत, सपाट जागी करावे. इंजिन गार असावे. रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम. चावी काढून घ्यावी, हँडब्रेक ओढावा, बॅटरीची उणे बाजूची वायर सोडावी. सी.एन.जी.ची गाडी असेल, तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा. विडी, काडेपेटी, चूल, यांपैकी काही जवळ नको. पोराबाळांना दूर ठेवावे.

छोट्या टेम्पोचे इंजिन बहुधा सीटखाली असते. सीट उचलली की काम दिसते. प्लगवरची वायर किंवा कॉइल काढताना वायर धरून ओढू नये. टोपी धरून थोडी फिरवावी आणि सरळ वर घ्यावी. एकाहून अधिक प्लग असतील, तर कोणती वायर कुठली याची खूण करावी. घरातल्या शिवणाच्या डब्यातले रंगीत दोरे या कामी फार उपयोगी पडतात. वायरींची अदलाबदल झाली, तर इंजिन फटाके वाजवील, पण चालणार नाही.

मग खळगा साफ करावा. सायकलच्या पंपाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवावी आणि त्या वेळी डोळ्यांवर चष्मा असावा. ही पायरी पुष्कळजण टाळतात. पण प्लग निघताच खळग्यातली वाळू थेट सिलिंडरमध्ये पडते आणि आतली भिंत कुरतडते.

पाना नेमक्या मापाचा हवा. बहुतेक छोट्या गाड्यांना १६ किंवा २१ मिलिमीटरचा प्लगपाना लागतो. मोटारसायकलला बहुधा १६ चा, आणि फवारणी पंपाला बहुतेक १९ चा. सैल पाना प्लगची कडा झिजवतो. पाना तिरका बसला, तर आतली पांढरी चिनीमाती तडकते. म्हणून पाना तळापर्यंत सरळ बसवावा आणि एका हाताने त्याचे डोके धरून दुसऱ्या हाताने फिरवावा.

सोडवण्याची रीत

पहिला प्रयत्न हलका असावा. फूटभर लांबीच्या हँडलवर एका माणसाचा सरळ, एकसारखा जोर, त्यापलीकडे नाही. झटके देऊ नयेत. प्लग 'टक्' करून सुटला, तर उत्तमच. पण हँडल रबरासारखे लवचिक ताणले जात आहे आणि प्लग सुटत नाही असे हाताला जाणवले, तर तत्काळ थांबावे. तो ताण म्हणजे धातू पिळला जात असल्याची खूण आहे.

प्लग मुळीच हलला नाही, तर गंज सोडवणारे पातळ तेल प्लगच्या बुडाशी चार-पाच थेंब सोडावे. ऑटोमोबाइलच्या दुकानात हे तेल फवाऱ्याच्या डबीत मिळते. ते नसेल, तर डिझेलचे थेंबही चालतात. वेळ मात्र अधिक लागतो. तेल घालून लगेच पाना लावू नये. संध्याकाळी तेल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी प्रयत्न करावा. लोणचे मुरायला जसा वेळ द्यावा लागतो, तसाच हाही.

सकाळी प्लग जरासा हलला, तर आनंदाच्या भरात भरभर फिरवू नये. फेऱ्याचा आठवा हिस्सा सोडावा, पुन्हा तेवढाच आवळावा, दोन थेंब तेल सोडावे, थांबावे. पुन्हा तसेच. प्रत्येक वेळी थोडे अधिक सोडावे. करकर आवाज आला किंवा प्लग अडला, तर मागे फिरवावे. असे केल्याने आट्यांमधली काजळी आणि गंज बारीक होऊन तेलाबरोबर सुटतो. सरळ ओढून काढला, तर हाच कचरा ॲल्युमिनियमचे मऊ आटे खरवडून नेतो. या कामाला कधी अर्धा तास लागतो, कधी त्याहून जास्त.

दोन दिवस तेल मुरवूनही प्लग हलला नाही, तर शेवटचा एक उपाय आहे. सांडलेले तेल नीट पुसून, उडून जाऊ द्यावे. वायर जोडून इंजिन मिनिट-दोन मिनिटे चालवावे आणि बंद करावे. हेड हाताला सोसेल इतकेच कोमट व्हावे. मग सगळ्या वायरी आणि व्हॉल्व्ह पुन्हा पूर्वीसारखे बंद करून पाना लावावा. कोमट हेडचे भोक प्लगपेक्षा किंचित जास्त फुगलेले असते, तेवढ्यावर प्लग सुटू शकतो. मात्र कडकडीत तापलेल्या इंजिनात प्लग काढू नये. गरम ॲल्युमिनियम मऊ असते आणि त्याचे आटे पटकन निघतात. गॅसबत्तीने किंवा टॉर्चने हेड तापवणे तर सर्वस्वी वर्ज्य. पेट्रोल आणि गॅसच्या शेजारी ज्योत नेणे म्हणजे घराला आग लावणे.

एवढे करूनही प्लग हटला नाही, तर तिथेच थांबून मिस्त्रीकडे जावे. न तुटलेला प्लग घेऊन गॅरेजला जाणे आणि तुटलेला घेऊन जाणे, यांत खर्चाचा फार फरक आहे.

प्लग तुटला किंवा आटे गेले तर

फक्त चिनीमाती फुटली असेल, तर तिचे तुकडे हवेने किंवा चिमट्याने आधी वेचावेत आणि मगच पाना फिरवावा. प्लगचे लोखंडी अंग आत राहिले, तर छिन्नी-हातोड्याने ते ठोकू नये आणि सेल्फ तर मुळीच मारू नये. जाणता मिस्त्री उलट्या पिळाचे हत्यार आत बसवून तो तुकडा काढतो. तेव्हा हत्याराला ग्रीस लावतात, म्हणजे धातूचा कीस त्याला चिकटून वर येतो.

आटे गेले असतील, तरी हेड लगेच भंगारात घालायचे कारण नाही. भोक थोडे मोठे करून, त्यात नवे आटे पाडून पोलादी स्प्रिंगसारखी वेटोळी किंवा बुश बसवता येते. हे काम नीट झाले, तर पुढे वर्षानुवर्षे टिकते. ते करणारा माणूस नेमका आहे ना, एवढे विचारून घ्यावे. 'प्लगला धागा गुंडाळून बसवतो' असे कोणी म्हटले, तर नमस्कार करून पुढे जावे. तसा प्लग चालत्या गाडीत उडून बाहेर येऊ शकतो.

निघालेला प्लग काय सांगतो?

निघालेला प्लग लगेच फेकू नये. वैद्य जीभ बघतो, तसे मिस्त्री प्लगचे टोक बघतो. टोक फिकट तपकिरी असेल, तर इंजिनाची प्रकृती ठीक. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी पडते आहे. आधी एअर फिल्टर बघावा, आपल्याकडच्या धुळीत तो फार लवकर तुंबतो. तेलकट, ओला काळेपणा असेल, तर इंजिन ऑइल वर येते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले तपासावीत. टोक पांढरेफटक आणि भाजल्यासारखे असेल, तर इंजिन जास्त तापते आहे. पाणी आणि कूलंट बघावे, प्लग चुकीच्या जातीचा नाही ना तेही बघावे.

नवा प्लग बसवताना

पुढच्या वेळी प्लग अडकू नये, याची सोय आजच करायची असते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्याच नंबरचा प्लग घ्यावा. जुना बरोबर नेऊन आट्यांची जाडी आणि लांबी दुकानातच ताडून बघावी. हेडचे आटे कापडाने आणि मऊ ब्रशने पुसावेत. इंजिन गारच असावे.

प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवावा. तो सहज जात नसेल, तर आटे वाकडे धरले आहेत असे समजून परत काढावा. खळगा खोल असेल, तर प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा अडकवून फिरवावा. आटे चुकले की नळी घसरते आणि हेड वाचते.

वॉशर हेडला टेकला की पाना लावावा. १४ मिलिमीटर आट्याचा नवा प्लग त्यानंतर साधारण अर्धा फेरा पुरे. टॉर्क पाना असेल, तर ॲल्युमिनियम हेडला १४ मिलिमीटरच्या प्लगसाठी २.५ ते ३ किलोग्रॅम-मीटर, १२ साठी १.५ ते २ आणि मोटारसायकलच्या १० मिलिमीटरच्या प्लगसाठी १ ते १.२ एवढाच जोर लागतो. घरगुती भाषेत सांगायचे, तर फूटभर हँडलच्या टोकाला ८ ते १० किलोचे वजन टांगल्याइतका जोर १४ च्या प्लगला भरपूर झाला. म्हणजे एका हाताचे काम. निमुळत्या बुडाच्या, वॉशर नसलेल्या प्लगला तर याहूनही कमी आवळावे लागते.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावावे, असे काही जण सांगतात. हल्लीच्या बहुतेक प्लगना गंज न धरणारा मुलामा असतो, त्यांना काही लावू नये. आटे निसरडे झाले की हाताला कळत नाही आणि प्लग नको तितका आवळला जातो.

बैलाची काळजी, तशी गाडीची

गाडी धुताना इंजिनावर पाण्याचा फवारा मारू नये. प्लगच्या टोप्या फाटलेल्या असतील, तर पावसाळ्यापूर्वी बदलाव्यात. सी.एन.जी.च्या गाडीत प्लग लवकर झिजतो, तेव्हा पुस्तिकेतल्या मुदतीकडे नीट लक्ष द्यावे. फवारणी पंपाचा प्लग हंगाम संपताच सैल करून, पुसून, पुन्हा हलका आवळून ठेवावा. पंपाला हात लावण्यापूर्वी त्यावरचे औषध धुऊन टाकावे आणि हातमोजे घालावेत.

पोळ्याला आपण बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावतो, त्याला विश्रांती देतो. खंडेनवमीला अवजारांची पूजा करतो. यंत्रालाही वर्षातून एखादा असा दिवस हवा. पोळा ते खंडेनवमी या दिवसांत एकदा गाडीचे सगळे प्लग काढून, बघून, पुसून परत बसवावेत आणि तारीख व किलोमीटर घरच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावेत. वही ज्यांच्या हाती असते त्या घरच्या लक्ष्मीने पुढची तारीख आठवणीने सांगावी. दरवर्षी हाताखालून जाणारा प्लग सहसा अडकत नाही, आणि अडकलाच तर चार थेंब तेल आणि एक रात्र एवढ्यावर सुटतो.